घरच्या घरी प्रीमियर पद्मिनी उभी करताना: कामाचा क्रम आणि तो नेमका कुठे चुकतो

जुनी पद्मिनी घरी उभी करायला घेतलेल्यांपैकी बरेच जण एकाच जागी अडकतात. गाडी दोन दिवसांत खोलतात, पत्रा जेमतेम ठोकून घेतात, झकास रंग मारून आणतात आणि मग लक्षात येतं की दरवाजा लागत नाही, स्टिअरिंग कॉलमचा बुश मिळत नाही, इंजिन बसवताना नवा रंग खरवडला गेला. त्यानंतर गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहते. पैसे कमी पडले म्हणून रखडणाऱ्या गाड्या असतात, पण क्रम चुकल्यामुळे रखडणाऱ्या त्याहून जास्त.

क्रम असा ठेवा: कागद, तपासणी, खोलणं, पत्रा, इंजिन आणि खालचं काम, रंगाआधीची कोरी जोडणी, रंग, पक्की जोडणी. पुढचं सगळं १०८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगवरचा गियर असलेल्या पद्मिनीसाठी आहे. त्याआधीच्या फियाट ११०० डिलाइटलाही जवळपास तसंच लागू पडतं. डिझेल पद्मिनीचं इंजिन वेगळं, त्यामुळे पाचवा टप्पा तिच्यासाठी नाही.

१. आधी कागद, मग पाना

आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. गंज असेल तर बारीक वायर ब्रश आणि रॉकेल वापरा, ग्राइंडर नको. नंबर दिसायला लागला की कागद ठेवून पेन्सिल घासा, प्रिंट काढा, फोटो घ्या.

मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनी स्वस्तात मिळू शकते. तिथे खास लक्ष द्या. गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली असेल तर ती खासगीत बदलून घ्यावी लागते. नोंदणीच रद्द झालेली असेल तर ती फक्त सुट्या भागांसाठी घ्यायची, उभी करण्यासाठी नाही. तीन वर्षं राबून तयार केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, यासारखं दुःख नाही.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवली आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी फिरवता येत नाही. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या नियमात बसत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचा मोह आत्ताच बाजूला ठेवा. नेहमी फिरवायची असेल तर साधं नोंदणीचं नूतनीकरण करा. रंग किंवा इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावीच लागते.

जागेचं म्हणाल तर खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्रेक, कार्ब्युरेटर, वायरिंग होतं; पत्रा आणि रंग होत नाही. बंदिस्त शेड, पक्की जमीन, चार ॲक्सल स्टँड आणि आग विझवायचं पावडरचं सिलिंडर एवढं हाताशी नसेल तर काम सुरूच करू नका.

सावधान: गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही. विटा, रिमा, लाकडी ठोकळे यांवर गाडी टेकवायची नाही.

२. खोलण्याआधी गाडीला बोलतं करा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. गाडी जोडलेली असताना जे कळतं ते खोलल्यावर कळत नाही.

बरीच वर्षं बंद असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं निम्मं-निम्मं मिश्रण सोडा आणि दोन दिवस थांबा. मग क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर पाइप लावून जोर करू नका. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा मिश्रण, पुन्हा दोन दिवस. जोराने फिरवलेल्या इंजिनात चिकटलेली रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) उभी चीर पाडतो.

इंजिन मोकळं फिरलं की कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने तपासा. चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली. आकड्याकडे लक्ष द्याच, पण चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर गेलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून तिचा गंज हा ताकदीचा प्रश्न आहे. मूठभर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरण्यापेक्षा एकच जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि या जागा दाबून, ठोकून पाहा: दरवाज्याखालच्या सिलची पेटी, पायाखालची फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगांचे) हँगर, डिकीत स्टेपनीची खोलगट जागा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि पुढच्या मडगार्डाच्या आत मागच्या बाजूला साठलेला चिखल. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत रंग शाबूत आणि आतला पत्रा पापडासारखा, असं हमखास निघतं. ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तिथे पुट्टीचा थर आहे, असं समजा.

तपासा: दरवाजा उघडा, दोन्ही हातांनी वर उचला. बिजागरी खिळखिळी असेल तर तिथेच कळेल. दरवाजा उघडा असताना आणि बंद असताना वरची फट मोजा. फरक पडत असेल तर सिल गेलेली आहे आणि बॉडी मध्ये बसते आहे.

३. खोलणं

घाई इथेच महागात पडते. प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक फोटो. वायरचं प्रत्येक टोक सोडताना कापडी टेपवर काय-कुठे ते लिहून चिकटवा. साध्या कागदाची चिठ्ठी ऑइल लागून वाचता येत नाही.

नट-बोल्ट सगळे एका डब्यात टाकले की गेलेच म्हणायचे. झिपच्या पिशव्या घ्या, पिशवीवर भागाचं नाव आणि बाजू लिहा: ‘डावा पुढचा दरवाजा, बिजागरी, ६ बोल्ट, २ पॅकिंग’. बिजागरीखालचे पातळ पॅकिंगचे तुकडे लोक कचरा म्हणून फेकतात आणि नंतर दरवाज्याची फट जुळवताना महिना घालवतात. जो भाग जिथून निघाला तिथेच त्याचे बोल्ट हाताने परत लावून ठेवता आले तर सर्वात उत्तम.

गंजलेला नट आदल्या रात्री भेदक ऑइलमध्ये भिजवा. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी पाना वापरा. फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. इंजिनाच्या हेडच्या (वरच्या झाकणाच्या) स्टडवर मात्र जोर नको. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडी, मध्ये वर्षानुवर्षं साधं पाणी. तिथे पांढरी पूड धरून हेड स्टडवर आवळून बसलेलं असतं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये छिन्नी घालून उचकटलं तर हेड वाया गेलंच. प्रत्येक स्टडभोवती ऑइल सोडून, रबरी हातोडीने कडेकडेने ठोकत, दोन-चार दिवस देऊन ते उठतं.

क्रोमचं सामान, म्हणजे बंपर, ग्रिल, हबकॅप, खोलतानाच प्लेटिंगला पाठवा. तिथे वेळ लागतो आणि शेवटी त्यांच्यासाठीच अडून बसावं लागतं. काचेचं रबर, दरवाज्याचं रबर, सायलेन्सरचे हँगर, गियर लिंकेजचे बुश यांची यादीही आत्ताच करा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या दुकानांत अजून बरंच मिळतं, पण जुना नमुना हातात घेऊन जा. ‘पद्मिनीचं द्या’ एवढं सांगून आणलेलं रबर अनेकदा भलत्याच सालच्या गाडीचं निघतं.

४. पत्रा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सिल कापायच्या आधी बॉडी बांधून घ्या. दरवाजे काढा, दरवाज्याच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका असा वेल्ड करा. डावीकडून उजवीकडे जाणारा एक पाइप दोन्ही बाजूंच्या मधल्या खांबांना जोडा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून, तारीख घालून भिंतीवर लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही सिल एकदम कापल्या तर बॉडी मध्ये खचते, आणि वेल्डिंग झाल्यावर ती तशीच वाकडी पक्की होते. नंतर कुठलाही डेंटर ती सरळ करू शकत नाही.

गंज जिथे संपतो त्याच्या पुढे किमान दोन-तीन सेंटिमीटर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठिगळासारखा लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरतं आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो.

बाहेरच्या भागासाठी २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, फ्लोअर आणि आधाराच्या भागांसाठी १८ गेज. जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करू नका. त्याचा धूर विषारी असतो. वेल्डिंग सीओटू वायूचं (मिग), ०.६ किंवा ०.८ मिमीच्या तारेने. कोपऱ्यावरच्या साध्या आर्क वेल्डिंगवाल्याकडून हा पत्रा करून घेतला तर भोकं पडतात. गॅसच्या वेल्डिंगने मोठा पॅनेल लाटांसारखा होतो. सलग शिवण मारायची नाही: दर दोन-तीन सेंटिमीटरवर एक टाका, मग लांबच्या कोपऱ्यात एक, मग पुन्हा मध्ये. हात लावून पाहा, गरम लागलं तर थांबा.

जी पेटी बंद होणार आहे तिच्या आतल्या बाजूला वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर आधीच मारा. काम संपल्यावर पाणी निघायच्या भोकांतून नळी घालून आत मेणाचं रस्टप्रूफिंग फवारा. ही भोकं वेल्डिंगमध्ये किंवा अंडरकोटमध्ये बुजत नाहीत ना, ते पाहा. बुजलेलं भोक म्हणजे आतून कुजणारी सिल.

सावधान: चेसिस नंबर कोरलेला पत्रा कापायचा नाही, ग्राइंड करायचा नाही. पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करायची नाही, ती रिकामी, धुतलेली, उन्हात वाळवलेली असली तरीही. शेडमध्ये टाकी ठेवून बाजूला वेल्डिंगही करायचं नाही.

उघडा पत्रा एक दिवसही तसाच ठेवू नका. मुंबईच्या हवेत रात्रीतून तांबूस थर धरतो. वेल्डिंग संपलं की त्याच दिवशी गंज घासून, थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर मारा.

तपासा: पाइपचा आधार कापायच्या आधी कर्ण पुन्हा मोजा. भिंतीवरच्या आकड्याशी २-३ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. मग दरवाजे बसवून चारही बाजूंच्या फटी पाहा.

५. इंजिन

बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. बोअरिंगचा निर्णय मोजल्यावरच घ्या. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, असं प्रत्येक सिलिंडर सहा जागी मोजा.

बोअरिंग करायचं ठरलं तर आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही लेथवाल्याकडे द्या. उलटं केलं, आधी बोअर केलं आणि मग त्या मापाचा पिस्टन बाजारात मिळाला नाही, तर पुढच्या मापापर्यंत पुन्हा बोअर करावं लागतं. ब्लॉकचं आयुष्य असं उगाच वाया जातं. क्रँक ग्राइंड करायचा असेल तर बेअरिंगलाही हाच नियम.

लेथवरून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रशने बोअर धुवा. रॉकेल किंवा पेट्रोलने होनिंगची (बोअर घासण्याची) बारीक कणी निघत नाही. पांढऱ्या कपड्याने बोअर पुसा. कपडा करडा झाला तर पुन्हा धुवा. पांढरा राहिला की लगेच ऑइल लावा. ऑइलच्या वाहिन्यांची बुचं काढून आतूनही तार-ब्रश फिरवा. वर्षांचा गाळ तिथेच असतो.

रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलरने (मापाच्या पातळ पट्टीने) मोजा. या बोअरला साधारण ०.२० ते ०.३० मिमी चालते. कमी असेल तर बारीक कानशीने वाढवा. गरम झाल्यावर टोकं एकमेकांना टेकली की रिंग तुटते.

हेडचं तोंड पोलादी पट्टी आणि फीलरने तपासा, लागेल तेवढंच फेसिंग करा. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. टॉर्कचा आणि टॅपेटच्या फटीचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

कार्ब्युरेटर सोलेक्सचा. जेट पितळी असतात, त्यात तार घालायची नाही. भोक किंचित मोठं झालं की गाडी कायमची काळा धूर टाकते. हवेच्या दाबाने साफ करा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारेच घाला.

६. ब्रेक आणि खालचं काम

चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून, ओल्या कपड्याने पुसा.

मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरच्या आत बोटाने खड्डे लागत असतील तर नुसतं रबर किट बदलून उपयोग नाही. रबर महिनाभरात कापलं जातं आणि गळती सुरू होते. सिलिंडरच बदला. ब्रेकचे लोखंडी पाइप सगळे नवे घ्या, तोंडं दुहेरी फ्लेअर केलेली (दोनदा दुमडून पसरवलेली). एसीचा साधा तांब्याचा पाइप ब्रेकला चालत नाही. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, ग्रिस किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नका.

आधी शू ॲडजस्ट करा, मगच हवा काढा. उलट क्रमाने केलं तर पेडल खोलच राहतं आणि माणूस लिटरभर ब्रेक ऑइल वाया घालवतो. हवा काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं.

सावधान: पुढच्या कॉइल स्प्रिंगमध्ये भरलेला जोर माणसाचा हात मोडू शकतो. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय खालचा आर्म सोडू नका.

टायरवरचा चार अंकी आकडा पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर गाडीवर ठेवायचा नाही.

७. कोरी जोडणी

गाडी प्रायमरमध्ये असतानाच इंजिन, गियरबॉक्स, चाकं, दरवाजे, बॉनेट, डिकी, ग्रिल, बंपर सगळं एकदा बसवा. काच एका बाजूला रबरात धरून पाहा. बंपरचं भोक दोन सूत सरकलंय, बॉनेट एका कोपऱ्यात उचललंय, सायलेन्सर फ्लोअरला घासतोय, हे सगळं इथे कळतं. इथे ग्राइंडर चालवता येतो, ठोकता येतं, वेल्ड करता येतं. रंगानंतर यातलं काहीच करता येत नाही.

इंजिनही याच अवस्थेत सुरू करून घ्या (पहिल्या स्टार्टची पद्धत दहाव्या टप्प्यात आहे, ती इथेच पाळा), आवारातल्या आवारात गाडी पुढे-मागे करा, ब्रेक दाबून पाहा. गळती असेल ती आत्ताच दिसू दे. त्यानंतरच पुन्हा खोलून रंगाला द्या. लोकांना हे दुप्पट काम वाटतं. पण हे दुसऱ्यांदा खोलणं फार तर आठवड्याचं असतं, कारण प्रत्येक बोल्ट आता मोकळा आणि ओळखीचा असतो.

८. रंग

पावसाळ्यात रंग नको. दमट हवेत रंगावर पांढरट धुकं धरतं आणि प्रायमरखाली ओल अडकते. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

दोन भागांची पॉलिस्टर पुट्टी इपॉक्सी प्रायमरवर, २-३ मिमीपेक्षा जाड नाही. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा अजून ठोकायचा आहे. पुट्टी कोरडीच घासा. पाणी मारून घासली तर ती पाणी पिते आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. लांबी (डब्यातली पातळ पुट्टी) फक्त बारीक ओरखड्यांसाठी.

पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घासायचं काम घरी करा आणि शेवटचा रंग बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. इथे पैसे वाचवू नका.

९. पक्की जोडणी

सगळ्यात आधी वायरिंग. जुनी वायर तुकडे जोडून वापरू नका, नवा हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) ओढा. हेडलाइटला २.५ चौरस मिमीची वायर आणि रिले द्या, म्हणजे जुना स्विच जळत नाही. रंगानंतर दिवे मंद लागतात किंवा इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट लुकलुकतो, याचं कारण जवळपास नेहमी अर्थिंग असतं: अर्थचा स्क्रू नव्या रंगावर बसलेला असतो. त्या जागेचा रंग खरवडा, वायर घट्ट करा, वरून ग्रिस लावा.

काच बसवायला दोन माणसं आणि ५-६ मिमीची नायलॉन दोरी लागते. रबर आधी काचेवर चढवा. बॉडीची कड ज्या खाचेत जाते त्या खाचेत दोरी पूर्ण फिरवा, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर हातभर एकमेकांवरून जाऊ द्या. खाचेला साबणाचं पाणी लावा. काच बाहेरून चौकटीवर टेकवून एकाने तळहाताने दाबत राहायचं. दुसऱ्याने आत बसून दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढायचं. दोरी निघते तसा रबराचा ओठ कडेवरून आत येतो. जिथे अडेल तिथे बाहेरून दाब वाढवा, दोरी हिसडू नका. कोपऱ्यात हिसडली की काच जाते.

गियर लिंकेजचे सगळे बुश नवे टाका. गियर सापडत नाही म्हणून गियरबॉक्सवर खापर फुटतं, दोष बहुधा या बुशांचा असतो. गाद्या आणि छताचं कापड सर्वात शेवटी.

१०. पहिला स्टार्ट ते पहिले हजार किलोमीटर

प्लग काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. दिवा विझल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. रेडिएटरमध्ये साधं पाणी नाही, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिन सुरू झालं की खाली टॉर्च मारून गळती पाहा. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर आयडलवर न ठेवता वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएमवर चालवा.

पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. पहिली चक्कर दोन किलोमीटरची, परत येऊन चारही ड्रमना हात लावा. एखादा जास्त तापला असेल तर तो शू घासतोय. ५० किलोमीटरवर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि स्टिअरिंगचे सगळे नट पुन्हा आवळा. ५०० वर ऑइल बदला आणि काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून पाहा. राखाडी लगदा चालतो, बोटाला टोचणारी कणी नाही. कणी मिळाली तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडा.

हजार किलोमीटरपर्यंत एकाच वेगात ताणू नका, चढावर टॉप गियरमध्ये ओढू नका. आरटीओची तपासणी या हजारानंतर लावा. तोवर गळती, ब्रेक आणि दिव्यांचे बारीकसारीक दोष वर आलेले असतात, आणि ते तुम्ही काढलेले असतात.